‘खारिस’चा अर्थ लावण्याआधी त्याचे रूप ओळखा : नव्या करारातील एका ग्रीक नामाचा टप्प्याटप्प्याने अभ्यास

नव्या करारात ‘खारिस’ हे नाम सुमारे १५५ वेळा येते. मराठी वाचकाला ते ‘कृपा’ म्हणून ठाऊक असते. या एका मराठी शब्दावर विसंबून जो मूळ ग्रीक वचनाकडे जातो, त्याच्या हातून बहुधा दोन चुका होतात. जेथे आभार, देणगी किंवा निव्वळ ‘साठी’ एवढाच अर्थ आहे तेथे तो कृपा वाचतो. आणि जेथे खरोखर कृपा आहे तेथे ती कोणाची, कोणावर आणि वाक्यात तिचे काम काय, हे न पाहता पुढे जातो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. अर्थ आधी ठरवला जातो आणि रूप नंतर पाहिले जाते. पुढील क्रम त्याच्या उलट आहे : आधी रूप, मग विभक्ती, मग शेजारचे शब्द, आणि अर्थ सर्वांत शेवटी.

काम सुरू करण्यापूर्वी

ग्रीक नव्या कराराची एखादी चिकित्सक आवृत्ती, म्हणजे हस्तलिखिते ताडून ठरवलेली संहिता, समोर असावी आणि तीत तळटिपांमध्ये पाठभेद, म्हणजे हस्तलिखितांतले वेगवेगळे शब्द, दिलेले असावेत. ती छापील असो वा संगणकावरची, प्रत्येक शब्दाचे व्याकरण सांगणारी सोय सोबत असल्यास उत्तम. त्याशिवाय मराठी पवित्र शास्त्राची दोन वेगवेगळी भाषांतरे शेजारी ठेवावीत. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतर मिळाले, तर दुसरे भाषांतर म्हणून ते फार उपयोगी पडते.

वहीत पाच रकाने आखावेत : संदर्भ, रूप, विभक्ती, सोबतचे शब्द, अर्थ. शेवटचा रकाना सहाव्या टप्प्यापर्यंत कोरा ठेवायचा आहे. हे बंधन क्षुल्लक वाटेल, पण माझ्या अनुभवात साऱ्या अभ्यासाची शिस्त त्या एका कोऱ्या रकान्यावर टिकते.

या लेखात ग्रीक शब्द देवनागरीत दिले आहेत. शब्दारंभीच्या ‘खी’ या अक्षरासाठी ‘ख’ वापरला आहे. ग्रीक उपपदे, म्हणजे नामाआधी येणारे इंग्रजी ‘द’सारखे शब्द, देवनागरीत लिहिली की मराठी सर्वनामांसारखी दिसतात, उदाहरणार्थ ‘हे’, ‘ते’, ‘तो’, ‘तू’. म्हणून ती अवतरणचिन्हांत घातली आहेत. ती मराठी शब्द म्हणून वाचू नयेत.

टप्पा १ : मूळ प्रकृती पकडा

मराठीत ‘पाणी’ला प्रत्यय लागला की ‘पाण्याला’ होते, ‘बहीण’चे ‘बहिणीला’ होते. प्रत्ययापूर्वी नामाच्या रूपात होणाऱ्या या बदलाला आपण सामान्यरूप म्हणतो, आणि ते शाळेपासून आपल्या अंगवळणी पडलेले आहे. ‘खारिस’चेही असेच एक अंतर्गत रूप आहे : ‘खारित्’. प्रथमेत शेवटी ‘स’ लागताना त्याच्या आधीचा ‘त’ गळतो आणि ‘खारिस’ उरते. अन्यत्र तो ‘त’ पुन्हा दिसू लागतो.

नव्या करारात प्रत्यक्ष भेटणारी रूपे मोजकीच आहेत.

प्रथमा : ‘हे खारिस’
षष्ठी : ‘तेस खारितोस’
चतुर्थी : ‘ते खारिति’
द्वितीया : ‘तेन खारिन’, आणि क्वचित ‘खारिता’

द्वितीयेचे ‘खारिन’ हे रूप नवशिक्यांना गोंधळात टाकते, कारण त्यात ‘त’ नाही. ग्रीकमध्ये या वर्गातील ज्या नामांच्या शेवटच्या अवयवावर, म्हणजे उच्चारातल्या शेवटच्या अक्षरावर, आघात (जोर) नसतो, ती द्वितीयेत सहसा ‘न’ घेतात. आघात शेवटच्या अवयवावर असेल तर तसे होत नाही, म्हणून ‘एल्पिस’ म्हणजे आशा या नामाचे द्वितीयेचे रूप ‘एल्पिदा’ आहे. ‘खारिता’ हे रूप ‘एल्पिदा’च्या धर्तीवर बनलेले आहे आणि नव्या करारात दुर्मीळ आहे. चिकित्सक संहितेत ते प्रेषितांची कृत्ये २४:२७ आणि यहूदा ४ येथे येते. त्यातला मौजेचा भाग असा की कृत्ये २४:२७ मध्ये फेलिक्स आणि २५:९ मध्ये फेस्त या दोन रोमी सुभेदारांबाबत एकच वाक्प्रयोग येतो, यहूद्यांवर उपकार करून ठेवण्याचा, पण पहिल्या ठिकाणी ‘खारिता’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘खारिन’. रूप बदलले म्हणून अर्थ बदललेला नाही.

हे नाम नव्या करारात एकवचनीच भेटते. काही हस्तलिखितांत कृत्ये २४:२७ येथे अनेकवचन आढळते, पण तो पाठभेद आहे.

सूचना : कोशात ‘खारितोस’ किंवा ‘खारिति’ शोधू नये, ती नोंद सापडणार नाही. नोंद ‘खारिस’ अशी असते. उलट ‘खारिन’ची स्वतंत्र नोंद बहुतेक कोशांत सापडते, आणि त्या नोंदीमुळेच तिसऱ्या टप्प्यावरची मोठी चूक घडते.

टप्पा २ : दिसायला सारखे शब्द बाजूला काढा

‘खारा’ म्हणजे आनंद. त्याची द्वितीया ‘खारान’ आहे, आणि ‘खारिन’ व ‘खारान’ यांत एका अक्षराचाच फरक आहे. हा गोंधळ जुन्या लेखनिकांचाही झालेला दिसतो : करिंथकरांस दुसरे पत्र १:१५ आणि फिलेमोनास पत्र ७ या दोन्ही ठिकाणी हस्तलिखितांत कोठे एक, कोठे दुसरा शब्द मिळतो. म्हणून या दोन वचनांवर काम करताना तळटीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘खारिस्मा’ हे वेगळे नाम आहे. ते नपुंसकलिंगी असून त्याचा अर्थ दान असा आहे. रोमकरांस पत्र १२:६ मध्ये दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत : मिळालेल्या ‘खारिस’नुसार ‘खारिस्मा’ निरनिराळी आहेत. दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द वापरला तर वाक्य कोसळते. चर्चमध्ये कानांवर येणाऱ्या ‘युकारिस्त’ या शब्दातही हेच मूळ आहे, पण ते उपकारस्तुतीचे नाम आहे. त्याचा अर्थ ‘खारिस’वर लादू नये.

टप्पा ३ : ‘खारिन’ दिसले की थांबा

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून येथे वेळ द्यावा.

‘खारिन’ हे रूप दोन कामे करते. एक तर ते ‘खारिस’चे द्वितीयेचे रूप असते. दुसरे म्हणजे ते नामपण सोडून अव्यय बनलेले असते आणि त्याचा अर्थ ‘साठी’, ‘कारणे’, ‘मुळे’ असा होतो. मराठी माणसाला ही गोष्ट समजावी लागू नये. ‘कारण’ हे आपल्याकडे नाम आहे आणि ‘तुझ्याकारणे’ मधले ‘कारणे’ हे शब्दयोगी अव्यय आहे; ‘पाय’ हे नाम आहे आणि ‘लोभापायी’ मध्ये पायाचा काहीही संबंध उरलेला नाही. ‘खारिन’चे अगदी हेच झाले आहे. साम्य आणखी एका बाबतीत आहे. ग्रीकमधली बहुतेक अव्यये नामाच्या आधी येतात, पण हे अव्यय मराठीप्रमाणे सहसा नामाच्या मागून येते आणि ते नाम षष्ठीत असते.

नव्या करारात हे अव्यय नऊ ठिकाणी आहे : लूक ७:४७, गलतीकरांस पत्र ३:१९, इफिसकरांस पत्र ३:१ आणि ३:१४, तीमथ्यास पहिले पत्र ५:१४, तीतास पत्र १:५ आणि १:११, योहानाचे पहिले पत्र ३:१२, आणि यहूदा १६. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. यांपैकी योहानाचे पहिले पत्र ३:१२ हा एकच अपवाद असा आहे की तेथे ते षष्ठीच्या आधी येते, कारण वाक्य प्रश्नार्थक आहे : काइनाने भावाला कशापायी मारले?

ओळखण्यासाठी तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला : ‘खारिन’च्या आधी ‘तेन’ हे उपपद आहे का? असेल तर ते नाम आहे, विषय संपला. करिंथकरांस पहिले पत्र १६:३ मध्ये यरुशलेमला नेण्याची जी गोष्ट आहे ती ‘तेन खारिन’ आहे आणि तिच्यामागे ‘तुमची’ अशा अर्थाची षष्ठी आहे. षष्ठी पाहून घाईने ‘तुमच्यासाठी’ असे वाचले तर नेण्याची वस्तूच नाहीशी होते. येथे ‘खारिन’ म्हणजे तुम्ही दिलेली देणगी.

दुसरा : उपपद नसेल तर ते एखाद्या क्रियापदाचे कर्म आहे का, किंवा त्याच्या आधी द्वितीया मागणारे अव्यय आहे का? लूक १:३० मध्ये मरीयेला ‘खारिन’ लाभली आहे, म्हणजे ते ‘लाभणे’ या क्रियापदाचे कर्म आहे. रोमकरांस पत्र ६:१४ मध्ये नियमशास्त्राधीन आणि ‘खारिन’च्या अधीन असा विरोध आहे, तेथे ‘हिपो’ म्हणजे ‘खाली, अधीन’ हे अव्यय त्याच्या आधी उभे आहे. दोन्ही ठिकाणी उपपद नाही, तरी ते नामच आहे.

तिसरा : वरील दोन्हींचे उत्तर नकारार्थी आले आणि लगतच्या आधी षष्ठीतला शब्द मिळाला, तर ते अव्यय आहे. तीतास पत्र १:११ मधले वाक्य मराठीत ‘नीच लाभापायी’ असे सहज उतरते.

या टप्प्याचे महत्त्व मला तीतास पत्र १:५ ने शिकवले. ‘तूतू खारिन’ हे दोन शब्द वाचून मी वहीत ‘या कृपेने मी तुला क्रेतात ठेवले’ असे लिहिले, आणि त्यावर पुढे दोन पाने विवेचनही केले. ‘तूतू’ षष्ठीत आहे, ‘खारिन’ द्वितीयेत दिसते, म्हणजे दोघांची विभक्ती जुळत नाही, एवढे तपासले असते तर ती दोन पाने लिहिली गेली नसती. वाक्याचा अर्थ इतकाच आहे : यासाठीच मी तुला क्रेतात ठेवले.

तपासणी : इफिसकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडावा. पहिल्या आणि चौदाव्या वचनात ‘तूतू खारिन’ आहे, दुसऱ्या आणि सातव्या वचनात ‘खारितोस’ आहे, आणि आठव्या वचनात ‘हे खारिस’ आहे. पाचही ठिकाणे अचूक वेगळी करता आली आणि पहिल्या व चौदाव्या वचनांत ‘कृपा’ हा शब्द एकदाही लिहिला गेला नाही, तर पुढच्या टप्प्यावर जाण्यास हरकत नाही.

सूचना : स्ट्राँगच्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला दिलेल्या क्रमांकांनी शोध घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ‘खारिस’ या नामाचा क्रमांक ५४८५ आहे आणि ‘खारिन’ या अव्ययाचा ५४८४. क्रमांक न पाहता नुसत्या अक्षरांवरून शोध घेतला तर दोन्हींची सरमिसळ होऊन मोजणी चुकते.

टप्पा ४ : विभक्तीचे काम ठरवा

विभक्तीचे नाव कळणे आणि तिचे काम कळणे या भिन्न गोष्टी आहेत. मराठीत चतुर्थी, तृतीया आणि सप्तमी यांची कामे वाटून दिलेली आहेत. ग्रीकमध्ये त्या तिन्हींचा भार एकटी चतुर्थी वाहते. म्हणून ‘खारिति’ दिसताच ‘कृपेला’, ‘कृपेने’, ‘कृपेत’ असे तिन्ही पर्याय मनात उभे करावेत आणि वाक्य पाहून एक ठेवावा. इफिसकरांस पत्र २:८ मध्ये ‘कृपेने’ हा पर्याय बसतो. लूक २:५२ मध्ये येशू ज्ञानात, वाढीत आणि देवाच्या व माणसांच्या ‘खारिस’मध्ये पुढे जात गेला, म्हणून तेथे सप्तमी. करिंथकरांस पहिले पत्र १०:३० मध्ये पौल म्हणतो की मी ‘खारिति’ने अन्नात भागी होतो, तेथे ‘कृपेने’ लिहिण्याचा मोह होतो, पण त्याच वचनात पुढे ज्याबद्दल मी आभार मानतो असे स्पष्ट शब्द आहेत. म्हणजे तो आभार मानून खातो आहे.

षष्ठीचेही तसेच आहे. लूक ४:२२ मध्ये ‘खारितोस’चे शब्द आहेत, आणि कृत्ये २०:३२ मध्ये ‘त्याच्या खारितोस’चे वचन आहे. रचना सारखी असली तरी काम वेगळे आहे. पहिल्या ठिकाणी षष्ठी गुण सांगते : येशूच्या तोंडून निघणारे मधुर, मनोहर शब्द. दुसऱ्या ठिकाणी ती विषय सांगते : देवाच्या कृपेविषयीचे वचन.

धातुसाधित (क्रियापदापासून बनलेले ‘दिलेला’सारखे विशेषण) कोणाशी जुळते, हेही याच टप्प्यावर तपासावे. इफिसकरांस पत्र ३:२ मध्ये ‘कृपेचा कारभार’ असा शब्दसमूह आहे आणि त्यानंतर ‘मला दिलेला’ किंवा ‘मला दिलेली’ अशा अर्थाचे धातुसाधित आहे. दिले काय गेले, कारभार की कृपा? मराठीत हा प्रश्न लिंगाने सुटतो, ग्रीकमध्ये येथे दोन्ही नामे स्त्रीलिंगी असल्यामुळे तो विभक्तीने सुटतो. ‘दोथेइसेस’ हे रूप षष्ठीचे आहे, ‘कारभार’ द्वितीयेत आहे, ‘खारितोस’ षष्ठीत आहे. म्हणजे दिली गेली ती कृपा. आता कलस्सैकरांस पत्र १:२५ पाहावे. तेथे कारभार तोच, पण धातुसाधित द्वितीयेत आहे, म्हणून तेथे दिला गेला तो कारभार. घाईत वाचणाऱ्यास दोन्ही वचने एकसारखी वाटतात.

लिंगाचा उपयोग इफिसकरांस पत्र २:८ मध्ये होतो. ‘कृपेने विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झाले आहे, आणि हे तुमच्यापासून नाही.’ हे म्हणजे काय? ‘खारिस’ स्त्रीलिंगी आहे, विश्वासासाठीचे ‘पिस्तिस’ हे नामही स्त्रीलिंगी आहे, आणि ‘तूतो’ हे सर्वनाम नपुंसकलिंगी आहे. तेव्हा व्याकरणाने ते या दोन नामांपैकी एकट्या कोणाशीही जुळत नाही. तारण झाल्याची संपूर्ण गोष्ट त्याने दाखवली आहे, असे वाचणे मला सर्वांत सरळ वाटते. मराठीत तीन लिंगे असल्यामुळे ‘ही’ न लिहिता ‘हे’ लिहिले की हा बारकावा आपोआप राहतो. ही सोय आपल्या भाषेत उपलब्ध असताना ती वाया घालवू नये.

टप्पा ५ : शेजारी ‘देव’ कोणत्या विभक्तीत आहे ते पाहा

‘थेओस’ म्हणजे देव. त्याची षष्ठी ‘थेऊ’ आणि चतुर्थी ‘थेओ’. ‘खारिस’च्या सोबत ‘तू थेऊ’ आले तर ती देवाची कृपा. ‘तो थेओ’ आले तर देवाला दिलेले धन्यवाद. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातच दोन्ही आहेत. दहाव्या वचनात पौल म्हणतो की जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे, आणि तेथे षष्ठी आहे. सत्तावन्नाव्या वचनात तो विजय देणाऱ्या देवाला धन्यवाद देतो, आणि तेथे चतुर्थी आहे.

सूचना : चतुर्थीच्या आधी ‘पारा’ हे अव्यय असेल तर हा नियम लागू नाही. लूक १:३० मध्ये ‘पारा तो थेओ’ आहे, म्हणजे ‘देवाजवळ, देवाच्या दृष्टीने’. मरीया तेथे कोणाचे आभार मानत नाही, तिला देवाजवळ मान्यता लाभली आहे. पेत्राचे पहिले पत्र २:२० मध्येही ‘पारा’ आहे.

क्रियापदेही येथेच टिपून ठेवावीत. ‘खारिन’ लाभणे हा जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातून आलेला वाक्प्रयोग आहे. उत्पत्ती ६:८ मध्ये नोहाच्या संदर्भात तोच आहे, आणि त्याचा अर्थ कृपादृष्टी होणे. ‘खारिन’ बाळगणे, ग्रीकमध्ये ‘एखो’ या क्रियापदासह, याचा अर्थ आभारी असणे : लूक १७:९ मध्ये चाकराचे, तीमथ्यास पहिले पत्र १:१२ मध्ये ख्रिस्त येशूचे.

टप्पा ६ : आता अर्थाचा रकाना भरा

एकच नाम देणाऱ्याची कृपा आणि घेणाऱ्याचे आभार अशी दोन्ही टोके कशी दाखवते, हा प्रश्न पुष्कळांना अडवतो. उत्तर आपल्या घरातच आहे. आपण उपकार करतो आणि उपकार मानतोही. नाम तेच राहते, दिशा मात्र क्रियापद ठरवते. ‘खारिस’कडे याच नजरेने पाहावे, म्हणजे दहा वेगळे अर्थ पाठ करण्याची गरज उरत नाही. लूक ६:३२ ते ३४ मध्ये येशू तीनदा विचारतो की प्रीती करणाऱ्यांवरच प्रीती केली तर तुमची ‘खारिस’ कोणती. तेथे मराठीने सहज म्हटले असते, ‘त्यात तुमचे उपकार ते कोणते?’ आणि फेलिक्स-फेस्तांच्या वचनांतल्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘ठेव म्हणून ठेवणे’ असा असल्यामुळे ‘उपकार करून ठेवणे’ हा आपला वाक्प्रचार तेथे जवळजवळ शब्दशः बसतो.

सरावासाठी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय घ्यावेत. दोन अध्यायांत हे नाम दहा वेळा येते आणि अर्थ सतत सरकत राहतो. ८:१ मध्ये मासेदोनियातील मंडळ्यांना देवाने दिलेली कृपा आहे. ८:४ मध्ये त्या मंडळ्या गरिबांच्या सेवेत वाटा मिळावा, एवढी मेहेरबानी करा, अशी विनवणी करतात. ८:६, ८:७ आणि ८:१९ मध्ये तोच शब्द वर्गणीच्या धर्मकार्यासाठी आहे. ८:९ मध्ये तो प्रभू येशू ख्रिस्ताच्या त्या कृपेसाठी आहे जिच्यामुळे तो धनवान असून दरिद्री झाला. ८:१६ मध्ये ‘थेओ’ चतुर्थीत असल्याने धन्यवाद. ९:८ आणि ९:१४ मध्ये पुन्हा देवाकडून येणारी कृपा, आणि ९:१५ मध्ये, चर्चा संपताना, देवाला धन्यवाद. पौलाने हे योगायोगाने केले असेल असे मला वाटत नाही. देवाकडून निघालेली ‘खारिस’ माणसांच्या हातांतून देणगी होऊन जाते आणि आभार होऊन देवाकडे परतते, आणि हा सारा प्रवास तो एकाच शब्दाने करवतो. मराठीत तो एका शब्दाने करवता येत नाही. म्हणूनच वहीतला रूपाचा रकाना महत्त्वाचा, कारण वाचकाला तो धागा फक्त तेथे दिसतो.

तपासणी : दहाही ठिकाणी शेवटच्या रकान्यात एकच शब्द पडला असेल तर पाचव्या टप्प्याकडे परत जावे. दहा ठिकाणी दहा वेगळे शब्द पडले असतील तरीही परत जावे.

सूचना : एका वचनात सिद्ध झालेला अर्थ दुसऱ्या वचनात ओतू नये. ‘लूक ४:२२ मध्ये मनोहर शब्द आहेत, म्हणून रोमकरांस पत्रातल्या कृपेतही सौंदर्याची छटा आहे’ अशी वाक्ये प्रवचनात ऐकायला चांगली वाटतात, पण त्यांना संहितेचा आधार नसतो. शब्द एका वेळी एका वाक्यात राहतो.

टप्पा ७ : मराठी शब्द निवडताना

‘कृपा’ आणि ‘दया’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. ‘दया’ हा ‘एलेओस’साठी राखावा, कारण तीमथ्यास लिहिलेल्या दोन्ही पत्रांच्या आरंभी ‘खारिस’ आणि ‘एलेओस’ शेजारी शेजारी येतात आणि त्यांची अदलाबदल केली तर लेखकाने मुद्दाम केलेला भेद पुसला जातो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातही ‘खारिस’ हा प्रामुख्याने हिब्रू ‘हेन’ (कृपादृष्टी) या शब्दासाठी येतो, आणि ‘हेसेद’ (एकनिष्ठ प्रेम, दया) या शब्दासाठी बहुतेक ठिकाणी ‘एलेओस’.

कलस्सैकरांस पत्र ४:६ मध्ये बोलणे ‘खारिस’युक्त आणि मिठाने रुचकर केलेले असावे असे म्हटले आहे. तेथे ‘कृपायुक्त’ लिहिणे चूक नाही, पण मराठीत कृपायुक्त बोलणे म्हणजे काय हे ऐकणाऱ्याला कळत नाही. शेजारी मीठ असल्यामुळे गोड किंवा रसाळ बोलण्याकडे झुकणारा शब्द येथे अधिक योग्य ठरेल. पत्रारंभीच्या ‘तुम्हांस खारिस व शांती असो’ येथे मात्र ‘कृपा’च ठेवावी. सामान्य ग्रीक पत्रात त्या जागी ‘खाइरेइन’ हा नमस्कार असे, याकोबाच्या पत्राच्या आरंभी तो तसाच आहे, आणि पौलाने त्या ठिकाणी त्याच्याशी नादाने जवळचा असलेला ‘खारिस’ ठेवला आहे. हा नाद मराठीत आणता येत नाही, आणि आणण्याचा आटापिटाही करू नये.

जेथे निर्णय होत नाही तेथे काय लिहावे

काही वचने सातही टप्पे पार करून मोकळीच राहतात. इब्री लोकांस पत्र १२:२८ हे त्यांतले एक. तेथे ‘एखो’ हे क्रियापद आणि ‘खारिन’ एकत्र आहेत, म्हणून ‘आपण आभारी असू या’ हा अर्थ पाचव्या टप्प्यावरून निघतो. पण लूक १७:९ किंवा तीमथ्यास पहिले पत्र १:१२ यांत ज्याचे आभार मानले तो चतुर्थीत उपस्थित आहे, आणि येथे तो नाही. पुढे ‘जिच्या योगे आपण देवाची सेवा करावी’ असे स्त्रीलिंगी संबंधी सर्वनाम आहे. ते कृपेलाही लागते आणि कृतज्ञतेलाही. अशा वेळी वहीत रूप, विभक्ती आणि शेजारचे शब्द पूर्ण भरावेत, अर्थाच्या रकान्यात दोन्ही पर्याय लिहून त्यांच्यामधे तिरपी रेघ ओढावी, आणि कोणत्या कारणाने आपला कल कोणीकडे आहे ते एका ओळीत नोंदवावे. माझ्या वहीत त्या ओळीत वाक्प्रयोगाच्या बाजूने ‘कृतज्ञता’ लिहिलेली आहे, आणि तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.